फक्त कानांचा गट

नंदेश्वरचं चुकलं असतं तर मी घाबरलो नसतो. त्या दुपारी त्याचं सगळं बरोबर येत होतं, म्हणून घाबरलो.

कारध्याला त्याच्या घराच्या माडीवर आम्ही बसलो होतो. खाली वैनगंगा, वर बांबूला बांधलेली तारेची अँटेना, आणि टेबलावर रेडिओ. हौशी रेडिओवाल्यांची मोर्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सकाळीच सुरू झाली होती. नंदेश्वर ऑपरेटरच्या खुर्चीत, आणि मी शेजारी दुसरा हेडफोन लावून संगणकात नोंदी करायला. इटलीचा कोणी एक गडी अशा सपाट्याने कोड सोडत होता की त्याच्या स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरं घ्यायला मला दोनदा ऐकावं लागलं. नंदेश्वरने एका दमात बरोबर उत्तर दिलं. ज्या माणसाला गेलं वर्षभर चहाच्या टपरीवर ‘साखर कमी का?’ हे तीन-तीनदा ओरडून विचारावं लागत होतं, त्याने.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

वाचकांना यात घाबरण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून आधी आमचा धंदा सांगतो. मी धकाते, नंदेश्वरसारखाच सरकारी बिनतारीत ऑपरेटर होतो. म्हणजे रेडिओसमोर बसून निरोप घ्यायचे आणि पुढे द्यायचे. घराणं विणकरांचं. वडील पाठ फिरवून जेवत असले तरी शेजारच्या मागावर धागा तुटला की आवाजावरून त्यांना कळायचं. ते कान मला मिळाले, त्यांचे हात काही मिळाले नाहीत, म्हणून मी मागावरून उठलो आणि नोकरीला लागलो.

मोर्स म्हणजे ‘डिट’ हा आखूड आवाज आणि ‘डा’ हा लांब, आणि त्यांच्या जोडण्यांतून सगळी अक्षरं. नवा माणूस डिट-डा मोजत बसतो आणि तोवर पुढचा शब्द निघून गेलेला असतो. मुरलेला माणूस मोजत नाही. बाजारात आपल्या बायकोचा आवाज आपण काय मोजून ओळखतो? तसंच ते. लिहिणारा हात कानाच्या दोन-तीन अक्षरं मागून चालतो आणि डोळे कुठेच बघत नसतात. नवे साहेब पहिल्यांदा आमच्या खोलीत आले की त्यांना वाटायचं, सगळा स्टाफ झोपा काढतोय. एका साहेबाने तर माझ्या खांद्याला धरून हलवलं होतं. माझा निरोप तुटला आणि वर बोलणीही मलाच बसली.

यात आणखी एक गंमत आहे. मोर्स-की दाबणाऱ्या प्रत्येकाची चाल वेगळी असते. कोणी ‘डा’ ओढून धरतो, कोणी शब्दाच्या शेवटी घाई करतो. त्याला आम्ही ‘हात’ म्हणतो. हात ओळखला की नाव विचारायची गरज नाही. नंदेश्वरचा हात म्हणजे धुतलेल्या तांदळासारखा, दाणा न् दाणा वेगळा. मी त्याला तोंडावर असं कधी म्हटलं नाही. ऑपरेटर एकमेकांची स्तुती करत नाहीत, फार तर चुका काढत नाहीत.

जिल्हा तुटला तेव्हा तो गोंदियाकडे गेला आणि मी भंडाऱ्यात राहिलो. सरकारी कागदात ‘विभाजन’ लिहितात, आम्ही तुटलाच म्हणतो. तोवर तोंडी बोलायचे सेट आले होते आणि मोर्स म्हातारी झाली होती. पण पावसाळ्यात आवाज फाटायला लागला की म्हातारीच कामी यायची. अशाच एका भर पावसाच्या दिवशी गोंदियाहून नंदेश्वरच्या सहीचा निरोप आला, पण हात त्याचा नव्हता. मी विचारलं, नंदेश्वर कुठे आहे? उत्तर आलं, मीच नंदेश्वर. मी विचारलं, आज डब्यात काय आणलं? उत्तर आलं, वांग्याची भाजी.

आता भंडाऱ्यात राहून वांगं न खाणारा माणूस विरळा, पण नंदेश्वर तो विरळा माणूस. उपाशी राहील, वांग्याला शिवणार नाही. त्याचं काही बरंवाईट झालं आणि हे लोक लपवताहेत, इथपर्यंत माझी मजल गेली. निघालं इतकंच की पोरीला ताप होता, तिला दवाखान्यात न्यायला तो सोबत्याला बसवून गेला होता. संध्याकाळी हवेत त्याचा हात आला तेव्हा कुठे मी पाणी प्यालो. माझी बायको म्हणते, तुमचं काळीज छातीत नाही, कानात आहे. खोटं नाही ते. आमच्या कामात काही आलं तर चिंता नसते. येणारं आलं नाही की जीव टांगणीला लागतो.

पुढे मोर्सची टेबलं उचलली गेली. आम्ही संगणकावर आलेले कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवणारे झालो आणि तसेच रिटायर झालो. मी भंडाऱ्यात, तो त्याच्या गावी कारध्याला, मध्ये फक्त नदी. त्यानंतर आम्हाला हौशी रेडिओचा क्लब सापडला. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बोरकर मॅडम तो चालवतात. परवान्याच्या परीक्षेला मोर्स लागते आणि मॅडमना मोर्स शिकवणारे कोणी मिळत नव्हते. आम्ही दोघं गेलो, आणि त्यानंतर परत घरी बसलो नाही.

स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो. ठरलेल्या मुदतीत जगातल्या जितक्या जास्त स्टेशनांशी संपर्क होईल तितके गुण. आपण हाक द्यायची, समोरच्याने आपली ओळख द्यायची, दोघांनी एकमेकांना ‘तुमचं ऐकू येतं’ याचा शेरा आणि एक नंबर द्यायचा की झालं. हा शेरा मोठा मजेशीर आहे. रिवाज असा की प्रत्येकाने प्रत्येकाला सगळ्यात वरचाच शेरा द्यायचा. समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा येत असला तरी ‘तुमचं उत्तम ऐकू येतं’ हे आधी म्हणायचं, आणि मग ‘नंबर पुन्हा सांगा’. मला पहिल्या वर्षी हसू आवरेना. सरकारी नोकरीत राहून मला हा प्रकार नवा वाटायला नको होता.

पण आताच्या स्पर्धेत मोर्स कानाने घेणारे कमी. संगणक हवेतली मोर्स ऐकून पडद्यावर अक्षरं उमटवतो. कोणतं स्टेशन कुठे बोलतं आहे त्याची यादी तो आपली आपणच काढतो. एक बटण दाबलं की उत्तर जातं, तेही असं घोटीव की कोणत्या माणसाचा हात आहे ते कळूच नये. माणसाचं काम उरलं लिफ्टमनएवढं. म्हणून स्पर्धावाल्यांनी वेगळे गट केले आहेत. एका गटात यंत्राची मदत चालते. दुसऱ्यात ऐकायचं ते फक्त स्वतःच्या कानांनी. यंत्राने मोर्स वाचायची नाही, मोबाईलनेही नाही. संगणक फक्त नोंदीला. आणि शेवटी स्टेशनच्या प्रमुखाने तशी हमी द्यायची. आमच्या स्टेशनचा प्रमुख मी होतो.

आम्ही कानांच्या गटातच उतरायचो. माझाच हट्ट तो. यंत्र लावून मोर्स घेणं म्हणजे जेवणाचा फोटो पाहून ढेकर देणं, हे वाक्य मी क्लबात इतक्यांदा टाकलं होतं की मॅडम माझ्याआधीच ते पूर्ण करायच्या. आदल्या वर्षी आमच्या गटात आमचं नाव बरंच वर आलं होतं. या वर्षी आणखी वर जायचं, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

कारध्याची जागा त्यासाठी नामी. पाणी जवळ, वस्ती विरळ, भंडाऱ्यातल्या शेकडो मोटारी-पंख्यांची खरखर नाही. गावकऱ्यांनी मात्र आम्हाला सुखाने बसू दिलं नाही. बांबू उभे राहिले की कोणीतरी विचारायचं, “टॉवर लावून राहिले का? नेटवर्क वाढंल का आमचं?” एक म्हातारा दर वर्षी येऊन सांगायचा की या तारेनं वीज पडते. शेवटी नंदेश्वर त्याला म्हणाला, “बुढाजी, मी खाली झोपतो न. पडली त पयले माह्यावर पडंल.” म्हातारा समाधानाने गेला.

तर आता त्या दुपारकडे येतो.

नंदेश्वरचे कान जात आहेत हे मला त्याच्याआधी कळलं होतं, असं मला वाटत होतं. विनोद झाला की तो सगळ्यांच्या मागून हसायचा. फोनवर ‘हाव, हाव’ म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच माहीत नसायचं. मी रोज ठरवायचो, आज विचारू. रोज विचारलं नाही. मला भीती वाटत होती की तो खरं सांगेल.

म्हणून स्पर्धेत तो चुकेल, मग आपण हळूच खुर्ची बदलू, असं मी मनाशी धरलं होतं. आणि गडी चुकेना. फक्त त्याचं उत्तर जरा उशिरा जायचं. अनोळखी माणसाच्या ध्यानात यायचं नाही इतका उशीर. पण मुरलेला ऑपरेटर समोरच्याचं शेवटचं अक्षर संपता संपता बोट ठेवतो. हा समोरचा थांबल्यावर श्वासभर थांबत होता. कोणीतरी दुसरा त्याला वाचून सांगतो आहे आणि मग तो बोलतो आहे, असं काहीसं.

तेवढ्यात हवेत एक म्हातारा आला. वय मला कुठून कळणार, पण हातावरून म्हाताराच. यंत्राने सोडलेला घोटीव कोड नाही, साध्या मोर्स-कीवरचा, थरथरता, कुठे अक्षर तुटलेलं, कुठे दोन अक्षरं चिकटलेली. पण माझ्या कानाला एकदम साफ. असा हात आम्ही जन्मभर ऐकला. पावसात भिजलेल्या, तापाने फणफणलेल्या, नुकत्याच भरती झालेल्या ऑपरेटरांचे हात घेतले. नंदेश्वर तर असल्या हातांचा उस्ताद. आमच्यापैकी कोणाला कळलं नाही की नंदेश्वरला द्यायचं, असा रिवाज होता.

नंदेश्वरने विचारलं, पुन्हा सांगा. म्हाताऱ्याने सांगितलं. नंदेश्वरने पुन्हा विचारलं. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने आणखी सावकाश सांगितलं, आणि सावकाश सांगताना त्याचा हात आणखी तुटला. तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगा’ गेलं तेव्हा मी नंदेश्वरकडे पाहिलं. त्याचे डोळे कुठेच बघत नसायला हवे होते. ते खाली बघत होते. टेबलाच्या कडेआड, मांडीवर मोबाईल होता, रेडिओमागून आलेली बारीक तार लावलेला. पडद्यावर अक्षरं सरकत होती आणि त्यांना काही अर्थ नव्हता.

यंत्राचं असं आहे की सरळ चालणाऱ्याचं ते आपल्यापेक्षा चांगलं वाचतं. लंगडणाऱ्याचं त्याला कळत नाही.

मी म्हाताऱ्याची अक्षरं नोंदीत टाकली आणि संगणकाचा पडदा नंदेश्वरकडे वळवला. त्याने ती पाहून उत्तर दिलं. म्हातारा आभार मानून गेला. यंत्राने घेतलेले संपर्क मी आपल्या हाताने कानांच्या गटात भरत होतो, आणि उद्या हमी मला द्यायची होती. हमी दिली तर खोटी. नाही दिली तर का नाही ते सगळ्या क्लबला सांगावं लागणार. या माणसाजवळ कानांशिवाय मिरवायला दुसरं काय होतं?

चहाच्या निमित्ताने मी खाली गेलो. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, माझं तोंड पाहूनच ओळखलं.

“समजलं का भाऊजी तुम्हाले?”

“वहिनी, किती दिवस झाले?”

“मोजून कोण ठेवते? डाक्टरनं मशीन लावा म्हटलं कानाले. लावते का हा माणूस? म्हणे, त्या धकातेले दिसंल. तुम्ही त्याईले रागावू नका. त्या खोलीतून उठले त मंग ते कुठी बसतीन?”

चहा घेऊन वर जाताना जिना मला फार उंच वाटला.

दिवस कलल्यावर युरोप मावळला, म्हणजे तिकडचे आवाज बुडाले, तेव्हा आम्ही रेडिओ बंद केला. मॅडम सकाळी सेट जोडून देऊन भंडाऱ्याला परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नोंदीला येणार होत्या. गच्चीवर आम्ही दोघंच.

“मोबाईल काढ,” मी म्हटलं.

“कोनता मोबाईल?”

“मांडीवरचा.”

त्याने खिशातून तो काढून कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, “कधीपासून मालूम आहे तुले?”

“मोबाईलचं आज समजलं. कान जाऊन राहिले हे वर्ष झालं.”

“मंग बोलला काहून नाई?”

“तू काहून नाई बोलला?”

“तुले सांगू?” तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला होता, आणि तो चढला आहे हे त्याला कळत नव्हतं. “मशीन लावते थो ऑपरेटरच नाई, असं तूच त सांगत फिरतो सगळीकडे. मंग मी कोन झालो, सांग न.”

मी आपला नियमाला चिकटलो. भित्र्या माणसाला नियमाचा मोठा आधार असतो.

“नंदेश्वर, न ऐकलेला निरोप ‘मिळाला’ म्हणून आपण कधी दिला का? एवढी नोकरी केली. एकदा तरी?”

“नाई.”

“मंग आता कायले?”

“तवा ऐकू येत होतं,” तो म्हणाला.

नंतर तोच म्हणाला, “आजचे माहे सारे खोडून टाक. उद्या तू एकटा कर. तुहे कान आहेत. तुह्या गटात तू साफ राहाशील.” आणि जिना उतरून गेला. मी घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला नंबर पाहिजे की नंदेश्वर पाहिजे, एवढंच ठरवा.” बायकांना प्रश्न सोपे करून मांडता येतात. सोडवायचे आपल्यालाच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूल ओलांडून कारध्याला गेलो तेव्हा नंदेश्वर अंगणात पोपट-वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी “जय भीम” केला. त्याने मान हलवली, पण उठला नाही. वर मॅडम येऊन बसल्या होत्या. त्यांना सांगावंच लागलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, “काका, त्यात एवढं काय? मशीनच्या गटात नाव टाकू. तिथंही माणसंच खेळतात न.”

“आणि तिथे आपला नंबर?”

“तिथं आपण कुठंच नाही लागणार. मोठमोठी स्टेशनं आहेत.” मग म्हणाल्या, “दुसरा एक मार्ग आहे. तुम्ही एकट्यानं करा. नंदेश्वरकाकांचे संपर्क वगळू. तुमची हमी खरी होईल. वर येण्याचा चान्स अजूनही आहे.”

म्हणजे नंदेश्वर जे म्हणाला तेच. मी खुर्चीत बसलो. सकाळची वेळ, जपान नुसतं कोसळत होतं. एकावर एक हाका, आणि त्या गर्दीतून एकेक नाव उचलून काढायचं. खरं सांगतो, सुख होतं. दोन्ही कान शाबूत आहेत याचं सुख. मॅडम नोंद करत होत्या आणि मध्येच “वा काका” म्हणत होत्या. आणि दोन हाकांच्या मधल्या जागेत मला सारखं वाटत होतं की खाली शेंगा सोलण्याचा आवाज थांबला आहे. हेडफोन लावलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तेच ऐकत होतो. एका जपान्याचा नंबर मी चुकवला. मग दुसऱ्याचा.

तो खाली बसला आहे, आणि मी वर बसून त्याला ऐकू न येणाऱ्या जगातून माणसं गोळा करतो आहे. मला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या पावसातल्या दिवसासारखी. याचा हात हवेतून गेला आणि परत आलाच नाही, तर मी कोणाला ऐकणार?

मी हेडफोन काढला. “मॅडम, गट बदलवा,” म्हटलं आणि खाली गेलो.

“वर चाल. मोबाईल घेऊन चाल.”

“कायले?” त्याने शेंगांतून मान वर केली नाही. मला समोर जाऊन, तोंड दिसेल असं बसून पुन्हा सांगावं लागलं.

“मोबाईल टेबलावर ठेवायचा. मांडीवर नाई. मशीनच्या गटात नाव टाकलं मी.”

“नंबर गेला मंग आपला.”

“गेला.”

“लोक काय म्हनतीन तुले? येवढा बोलत होता.”

“म्हणू दे. ढेकर दिली म्हणतीन.”

तो हसला नाही. सुमनवहिनींनी त्याच्या पुढ्यातलं शेंगांचं टोपलं उचललं आणि म्हणाल्या, “जा न बाप्पा. अर्धे दाणे त टरफलातच फेकून राहिले.” मग तो उठला.

मॅडमनी मोबाईल बाजूला सारला आणि त्यांचा लॅपटॉप रेडिओला जोडून दिला. पडद्यावर मोठ्ठी अक्षरं. बटण दाबून उत्तर पाठवायची सोयही होती. नंदेश्वरने ती पाहिली आणि लॅपटॉप थोडा मागे ढकलला.

“वाचायले तुमची मशीन, मॅडम. बोलीन मी माह्या हातानं.”

त्याने आपली मोर्स-की पुढे ओढली. हातात जन्माची सवय होती, तिला कानांची गरज उरली नव्हती. मी बाजूचा हेडफोन लावला आणि ऐकलं. दाणा न् दाणा वेगळा. कान गेले तरी हात जागचा हलला नव्हता. इतकी वर्षं ऐकून मला कधी भरून आलं नव्हतं, त्या सकाळी आलं. पण आमच्या खात्यात ती पद्धत नाही, म्हणून मी नोंदी करत राहिलो.

वेग पडला आमचा. शेजारच्या शेतातली मोटर सुरू झाली की पडद्यावर नुसता कचरा यायचा, तेव्हा मी ऐकून त्याला लिहून द्यायचो. थरथरत्या हाताचा कोणी आला तर तो माझा. घोटीव यंत्रवाला आला तर तो लॅपटॉपचा. आणि उत्तर सगळ्यांना नंदेश्वरचं. अर्धी मशीन, अर्धा मी आणि पुरा नंदेश्वर, अशी ती टीम झाली. तिला कोणत्या गटात टाकायचं हे नियम करणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी पुन्हा युरोप उगवला. सुमनवहिनी चहा घेऊन आल्या, मॅडम पाय मोकळे करायला गच्चीवर गेल्या. मी वहिनींच्या हातातून कप घेतला, त्या काहीतरी विचारत होत्या त्याचं उत्तर दिलं, आणि वळलो तर नंदेश्वर हात थांबवून पडद्याकडे बघत होता.

एक संपर्क नुकताच झाला होता. कोणा लांबच्या स्टेशनचा. नंबर आला होता, नेहमीचा उत्तम ऐकू येण्याचा शेरा आला होता. त्यापुढे आणखी दोन शब्द होते. स्पर्धेत असे शब्द कोणी पाठवत नाही. श्वास घ्यायला फुरसत नसते तिथे. त्या शब्दांचा अर्थ होता, सुंदर हात.

“धकाते,” नंदेश्वर म्हणाला. “हे आलं का खरंच? का मशीननं आपल्या मनानं लिवलं?”

यंत्र कचरा लिहितं, स्तुती लिहीत नाही, हे मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. पण त्याने यंत्राबद्दल विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला.

“तू ऐकलं का?”

“हाव,” मी म्हटलं. “ऐकलं न. साफ आलं.”

हेडफोन माझ्या गळ्यात होता. त्याने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या स्टेशनला हाक द्यायला लागला.